तुमचा मॉनिटर खरं बोलतो का?

एक साधा प्रश्न विचारते. आपल्या तिरंग्याचा केशरी रंग नेमका कोणता?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? केशरी म्हणजे केशरी! पण जरा थांबा. आपल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्याची खादी उदगीरला विणली जाते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. ‘केशरी म्हणजे केशरी’ एवढ्यावर तिथलं काम भागत नाही. भारतीय मानक संस्थेचं पहिलंच मानक, म्हणजे आयएस १, हे राष्ट्रध्वजाचं आहे. ते १९५१ साली आलं, १९६४ मध्ये मेट्रिक मापांत आलं आणि १९६८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. (३० डिसेंबर २०२१ च्या आदेशापासून पॉलिएस्टरचे आणि मशीनवर केलेले ध्वजही चालतात, पण आपण खादीचंच बोलू.) या मानकात केशरी रंग शब्दांत नाही, आकड्यांत लिहिलाय: एक्स ०.५३८, वाय ०.३६०, उजळपणा २१.५. हिरवा लिहिलाय एक्स ०.२८८, वाय ०.३९५, उजळपणा ८.९. आहे की नाही गंमत? आपण ज्या रंगाला सलाम करतो, त्याचाही को-ऑर्डिनेट आहे!

मग मी होस्टेलवर एक उद्योग केला. तिरंग्याचा एकच फोटो आमच्या विंगमधल्या सहा लॅपटॉपवर उघडला आणि सगळे लॅपटॉप एका ओळीत टेबलावर मांडले. फाइल एक, आकडे तेच. पण एकावर केशरी संत्र्यासारखा, एकावर विटेसारखा, तर एकावर चक्क लिंबाकडे झुकलेला. यातला खरा कोणता? मैत्रिणींची जोरदार भांडणं झाली आणि प्रत्येकीला आपलाच लॅपटॉप बरोबर वाटला. त्या भांडणातून हा लेख निघाला. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं असल्यामुळे ‘रंगसंगती’, ‘छटा’ असे शब्द शोधताना दमछाक होते. जिथे शब्द सापडला नाही तिथे सरळ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलाय. सांभाळून घ्या.)

१. स्क्रीन खोटं का बोलते?

यात स्क्रीनचा दोष नाही, ती विकायला बनवलेली असते. दुकानात दहा लॅपटॉप शेजारी शेजारी लावले की जो जास्त उजळ आणि जास्त निळसर पांढरा दिसतो, तोच गिऱ्हाइकाला ‘झकास’ वाटतो. म्हणून कंपन्या कारखान्यातूनच ब्राइटनेस वाढवून आणि पांढरा रंग निळ्याकडे झुकवून पाठवतात. मोबाइलचं तर विचारूच नका. ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये आपल्या मेसची पिवळी डाळसुद्धा हॉटेलच्या दाल तडक्यासारखी दिसते!

दुसरं कारण म्हणजे पॅनल. स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन जातीचं पॅनल असतं. मान जरा खाली-वर केली की रंग बदलतो. त्यातली बरीच पॅनल्स रंगामागे ६ बिटचीच असतात. म्हणजे प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्या आणि एकूण २,६२,१४४ रंग. उरलेले रंग शेजारचे पिक्सेल भराभर बदलून डोळ्याला भासवले जातात. आयपीएस पॅनल यापेक्षा बरं, कारण बाजूने पाहिलं तरी रंग फारसा ढळत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर समजा की एसआरजीबीतले साधारण साठ टक्क्यांच्या आसपासच रंग ती स्क्रीन दाखवू शकते. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही. जो रंग पॅनलमध्येच नाही, तो कॅलिब्रेशन करून येणार नाही.

तिसरं कारण वय. बॅकलाइट जुना होत जातो तसा त्याचा उजेड कमी होतो आणि रंगही थोडा सरकतो. म्हणून एकदा केलं आणि कायमचं झालं, असं या कामात नसतं.

२. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग: दोन वेगळ्या गोष्टी

हे दोन शब्द लोक एकाच श्वासात घेतात, पण अर्थ वेगळे आहेत. मोंढ्यातला वजनकाटा डोळ्यासमोर आणा.

काट्यावर काहीच ठेवलेलं नाही, तरी तो ५० ग्रॅम दाखवतो. आपण स्क्रू फिरवून तो शून्यावर आणतो. हे झालं कॅलिब्रेशन. म्हणजे यंत्रालाच ठरवलेल्या जागी आणणं.

आता काटा शून्यावर आला, पण समजा एका किलोला २० ग्रॅम जास्त आणि पाच किलोला ७० ग्रॅम जास्त दाखवतो, आणि ते स्क्रूने जात नाही. मग आपण प्रमाणित वजनं ठेवून प्रत्येक ठिकाणची चूक एका कागदावर लिहून काढतो आणि तो कागद काट्यालाच चिकटवतो. आता त्यावर मोजणारा माणूस कागद बघून खरं वजन सांगू शकतो. हा कागद म्हणजे प्रोफाइल. प्रोफाइल मॉनिटर सुधारत नाही, त्याच्या खोडी प्रामाणिकपणे लिहून ठेवतं. फोटोशॉप, गिम्प, डार्कटेबल अशी सॉफ्टवेअर्स तो ‘कागद’ वाचतात आणि त्या हिशेबाने आकडे बदलून स्क्रीनला पाठवतात.

मेकॅनिकलवाल्यांनी डेड वेट टेस्टरवर प्रेशर गेज तपासलाय, आमच्या ब्रँचने व्होल्टमीटर तपासलाय. प्रॅक्टिकल तेच आहे, फक्त इथे मीटरच्या जागी मॉनिटर आहे. (एक्सटर्नलने व्हायव्हाला विचारलं तर हेच उत्तर द्या!)

३. थोडी थिअरी (झोपू नका!)

रंग आकड्यांत लिहिण्याची सोय सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ मध्ये केली. इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोघांनी माणसांना प्रत्यक्ष बसवून रंग जुळवून घेतले होते. एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला लाल-हिरवा-निळा प्रकाश कमी-जास्त करत तोच रंग बनवायचा. त्या आकड्यांवरून माणसाच्या सरासरी डोळ्याचं गणित बसवलं गेलं. आयएस १ मधले एक्स आणि वाय त्याच १९३१ च्या पद्धतीतले आहेत.

पुढे संगणक आले, आणि प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम म्हणजे आयसीसी स्थापन केली. प्रोफाइलच्या फाइलला आपण आयसीसी प्रोफाइल म्हणतो ते त्यावरूनच. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी सुचवलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. आजही बहुतेक फोटो, वेबपेज आणि कलर लॅब यांची बोलीभाषा एसआरजीबीच आहे.

आपल्याला लागणारे शब्द तीनच.

व्हाइट पॉइंट: स्क्रीनचा पांढरा किती निळसर किंवा पिवळसर असावा ते. एसआरजीबीमध्ये तो डी६५ आहे, म्हणजे साधारण ६५०० केल्विन, दिवसाच्या उजेडासारखा.

ल्युमिनन्स: पांढरा किती उजळ ते. मोजमाप कॅन्डेला प्रति चौरस मीटर. फोटो एडिटिंगला ८० ते १२० पुरतात. आपले लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर २०० च्या वर सहज जातात.

गॅमा: हा जरा अवघड. ० ते २५५ मधला मधला आकडा १२८. मग १२८ ला निम्मा उजेड पडतो का? नाही! गॅमा २.२ असेल तर १२८ ला साधारण २२ टक्केच उजेड पडतो. (१२८ भागिले २५५, त्याचा २.२ वा घात. कॅल्क्युलेटर काढा आणि बघा.) आपल्या डोळ्याला मात्र तो बरोबर मधला करडा वाटतो, कारण डोळा अंधाराकडचे बारीक फरक जास्त ओळखतो. गॅमा चुकला की सावल्या एक तर कोळशासारख्या होतात नाही तर धुरकट.

आता आपल्या तिरंग्यावर हे लावू. केशरीचे एक्स, वाय आणि उजळपणा घेतला. ०.५३८ भागिले ०.३६० गुणिले २१.५ केलं की कॅपिटल एक्स येतो ३२.१, आणि तशाच रीतीने झेड येतो ६.१. ते एसआरजीबीच्या मॅट्रिक्समधून काढले की उत्तर येतं अंदाजे लाल २१५, हिरवा ८७, निळा ५५. (मानकातला प्रकाश ‘सी’ आहे आणि एसआरजीबीचा डी६५. दोन्ही जवळजवळचे असल्यामुळे तो फरक सोडून दिलाय.) इंटरनेटवर मात्र ध्वजाच्या केशरीसाठी सर्रास दिसणारा आकडा आहे २५५, १५३, ५१. त्याचं उलट गणित केलं तर एक्स ०.५००, वाय ०.४१६ आणि उजळपणा ४४ येतो. खादीचा पांढरासुद्धा मानकात ७२.६ च आहे, म्हणून उजळपणाची तुलना जरा सैल धरा. पण छटा? ती सरळसरळ पिवळ्याकडे गेलेली आहे. म्हणजे आमच्या विंगमधल्या भांडणात विटेकडे झुकलेला केशरी खादीच्या जास्त जवळ होता, पण फाइलच्या आकड्यांशी इमान राखणारा लॅपटॉप वेगळाच असू शकतो. फाइल बरोबर आहे का आणि स्क्रीन बरोबर आहे का, हे दोन प्रश्न आहेत. स्क्रीन नीट केल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी देताच येत नाही.

४. तयारी: आधी खोली, मग मॉनिटर

- मॉनिटर चालू करून किमान अर्धा तास जाऊ द्या. थंड स्क्रीनचे रंग स्थिर नसतात.
- ‘नाइट लाइट’, ‘ऑटो ब्राइटनेस’, ‘व्हिव्हिड’, बॅटरी वाचवणारा मोड, सगळं बंद. चार्जर लावून ठेवा.
- खिडकीतलं ऊन स्क्रीनवर नको. आमच्या पश्चिमेच्या खोल्यांत संध्याकाळी चार ते सहा एडिटिंग करणं म्हणजे डोळ्यांना फसवणं.
- खोलीतला दिवा एकच ठेवा. एकीकडे पिवळा बल्ब आणि दुसरीकडे पांढरी ट्यूब असेल तर डोळा गोंधळतो.
- भिंत आणि डेस्कटॉपचा वॉलपेपर करडा असलेला उत्तम. होस्टेलची गुलाबी भिंत आपल्या हातात नाही, पण वॉलपेपर आहे. आवडत्या हिरोचा फोटो एडिटिंगपुरता बाजूला ठेवा!
- कपडेही बघा. भडक लाल टी-शर्टचा उजेड स्क्रीनवर पडतो. हे गमतीने नाही सांगत.

५. फुकटातली पद्धत: डोळ्यांनी

यंत्र नसेल तरी इतकं नक्की करा.

(१) एक काळी फाइल घ्या. त्यात ०, ५, १०, १५, २० अशा आकड्यांचे चौकोन काढा. ब्राइटनेस असा ठेवा की ० पूर्ण काळा दिसेल आणि १० चा चौकोन जेमतेम वेगळा ओळखू येईल.

(२) पांढऱ्या टोकाला तेच करा, २४०, २४५, २५० आणि २५५ चे चौकोन. ते एकमेकांत मिसळले तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. बहुतेक एलसीडीवर कॉन्ट्रास्ट कंपनीने ठेवलाय तिथेच बरा असतो.

(३) खोलीच्या रोजच्या उजेडात एक कोरा झेरॉक्सचा कागद मॉनिटरशेजारी धरा आणि स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसत असेल तर ब्राइटनेस खाली आणा, दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत. ‘प्रिंट डार्क आली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. कागद स्वतः पेटत नाही, तो खोलीतला उजेड परत फेकतो. स्क्रीन मात्र स्वतःच पेटलेली असते. २५० कॅन्डेलाच्या स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडणारच.

(४) विंडोजमध्ये स्टार्टजवळच्या सर्चमध्ये डीसीसीडब्ल्यू ही चार अक्षरं टाइप करा. विंडोजचं स्वतःचं कॅलिब्रेशन उघडतं आणि गॅमा, ब्राइटनेस, करड्या रंगातला झुकाव अशा पायऱ्यांनी घेऊन जातं. करडा रंग लालसर, हिरवट किंवा निळसर दिसत असेल तर स्लायडर हलवून तो बेरंग करा.

पण याला एक मर्यादा आहे. आपला डोळा फार लबाड, नाही, फार समजूतदार आहे! निळसर पांढऱ्याकडे पाच मिनिटं पाहिलं की तो त्यालाच पांढरं मानायला लागतो. म्हणून डोळ्यांनी ब्राइटनेस आणि गॅमा बऱ्यापैकी जमतात, व्हाइट पॉइंट नाही.

६. खरी पद्धत: यंत्राने

या यंत्राला कलरीमीटर म्हणतात. माउसएवढं असतं, यूएसबीला लागतं आणि स्क्रीनवर मधोमध टेकवून ठेवायचं. स्पायडर, आय-वन डिस्प्ले ही त्यातली नावाजलेली नावं. सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळतं. ग्रॅम गिल यांचं आर्गिल सीएमएस आणि त्याच्यावर चालणारं, बटणं असलेलं डिस्प्लेकॅल.

क्रम असा:

पहिली पायरी. टार्गेट ठरवा: डी६५, १२० कॅन्डेला, गॅमा २.२. अंधाऱ्या खोलीत काम करत असाल तर १२० ऐवजी ८० ते १००.

दुसरी पायरी. मॉनिटरला स्वतःची बटणं असतील तर त्याच्या मेनूतून लाल, हिरवा, निळा कमी-जास्त करून व्हाइट पॉइंट जमेल तेवढा जवळ आणा. लॅपटॉपला ही सोय नसते, तिथे फक्त ब्राइटनेस. हे हार्डवेअरमध्ये जितकं जमेल तितकं चांगलं. कारण उरलेलं काम ग्राफिक्स कार्डातल्या तक्त्यात होतं. तिथे ८ बिटच्या २५६ पायऱ्यांतल्याच काही पायऱ्या खर्ची पडतात आणि आकाशाच्या फोटोत पट्टे दिसायला लागतात.

तिसरी पायरी. सॉफ्टवेअर स्क्रीनवर करड्या रंगाचे चौकोन दाखवतं, यंत्र मोजतं आणि तक्ता तयार होतो. इथे कॅलिब्रेशन संपलं.

चौथी पायरी. आता शेकडो रंगांचे चौकोन एकामागून एक येतात. पाठवलेला आकडा आणि मोजलेला रंग यांची जोडी लिहिली जाते. याला वेळ लागतो, तेवढ्यात चहा घेऊन या, पण दिवा लावू नका आणि स्क्रीन हलवू नका. या जोड्यांवरून आयसीसी प्रोफाइल तयार होतं. हे प्रोफाइलिंग.

पाचवी पायरी. प्रोफाइल इन्स्टॉल करा. तक्ता त्या फाइलमध्येच ठेवलेला असतो आणि संगणक चालू झाला की ग्राफिक्स कार्डात भरला जातो.

सहावी पायरी. तपासणी. सॉफ्टवेअर पुन्हा काही रंग मोजून ‘डेल्टा ई’ सांगतं, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष रंगातलं अंतर. १ च्या खाली असेल तर डोळ्याला जवळपास कळत नाही, सरासरी २ च्या आत असेल तर आपल्या कामाला उत्तम.

महिन्यातून एकदा हे पुन्हा करा.

एक इशारा. तयार झालेलं मॉनिटर प्रोफाइल फोटोशॉपमध्ये ‘वर्किंग स्पेस’ म्हणून निवडू नका. तो आपल्या काट्याला चिकटवलेला कागद आहे, दुसऱ्याच्या दुकानात त्याचा काय उपयोग? वर्किंग स्पेस एसआरजीबी ठेवा आणि फोटो सेव्ह करताना एसआरजीबी प्रोफाइल फोटोला जोडा. कलर लॅबला विचारा, त्यांच्या मशीनचं आणि पेपरचं प्रोफाइल मिळालं तर ‘सॉफ्ट प्रूफ’ लावून प्रिंट काढण्याआधीच स्क्रीनवर अंदाज घेता येतो.

७. हे सगळं कशासाठी? एका फोटोची गोष्ट

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप फोटोसाठी? म्हणून हे सांगते.

आमचं गाव बिलोली. दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या लग्नाच्या बायोडाटासाठी एका स्टुडिओत फोटो काढला. ताई सावळी आहे. पहिली प्रिंट आली ती काळपट, गालावर लालसर-पिवळी झाक. पप्पा शिक्षक आहेत. ते म्हणाले, हा रंग तिचा नाही. स्टुडिओवाल्या दादांनी लगेच फाइल उघडून दाखवली. “गुरुजी, स्क्रीनवर तर बरोबर दिसूलालंय की!” आणि खरंच, स्क्रीनवर बरोबर दिसत होतं. त्यांची स्क्रीन होती पूर्ण ब्राइटनेसवर आणि निळसर. निळसर दिसतंय म्हणून त्यांनी फोटोत पिवळा-लाल वाढवला, फार उजळ दिसतंय म्हणून उजेड उतरवला. स्क्रीनची चूक त्यांनी फोटोतून वजा केली आणि कागदावर नेमकी उलटी चूक उमटली. माणूस प्रामाणिक होता, काटा नव्हता.

मग ते म्हणाले, थांबा, थोडं गोरं करून देतो. दुसरी प्रिंट आली ती खडूसारखी. शालूचा डाळिंबी रंग गुलाबी झाला होता. तोच फोटो बायोडाटावर गेला. पाहुणे आले, चहा-पोहे झाले, आणि जाता जाता एक बाई सहज बोलून गेल्या, “फोटोत तर उजळ दिसत होती.” घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही. ताई मला फोनवर एवढंच म्हणाली, “मला गोरं नको ग. मला मी दिसायला पाहिजे.”

हे वाक्य मला इंजिनिअरिंगचं वाटतं. दिसायला पाहिजे ते इनपुट, दिसतंय ते आउटपुट, आणि मधली एरर शून्याकडे न्यायची.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड द्यायची. कंपनीत काम करणाऱ्या शर्ली नावाच्या मुलीवरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे. शर्लीचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर! मग सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचं काय? त्यांचे बारकावे अंधारात जायचे. फिल्म सुधारायला पुढे जोर लागला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा, कारण त्यांच्या मालाचे तपकिरी रंग फोटोत वेगळे उमटत नव्हते! वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डं आली ती १९९० च्या दशकात. म्हणजे प्रमाण कोणाचं धरायचं हा प्रश्न नुसता तांत्रिक नसतो.

सुट्टीत मी ताईचा नवा फोटो काढला. घराच्या ओसरीत, सावलीत, तिच्या हातात आधी ग्रे कार्ड देऊन. एका सीनियरकडून कलरीमीटर मागून आणला होता, त्याने लॅपटॉप नीट केला, करड्यावरून व्हाइट बॅलन्स घेतला आणि बाकी काही केलं नाही. फाइल घेऊन एसटीने दोन-अडीच तासांवर नांदेडला गेले आणि प्रिंट काढली. घरी येऊन प्रिंट ताईच्या गालाशेजारी धरली. आई म्हणाली, “हां, ही आपली पोरगी.” आता बायोडाटावर तोच फोटो आहे. लग्न ठरलं का, हा या लेखाचा विषय नाही!

कॅलिब्रेशनने ‘गोरं करून देतो’ म्हणणारी मनं बदलत नाहीत, हे मलाही कळतं. पण एक सबब मात्र संपते. स्क्रीन खरी असेल तर ‘मला असंच दिसलं’ म्हणता येत नाही. मग जो रंग बदलला, तो आपण जाणूनबुजून बदलला.

८. आपल्या मातीची टेस्ट फाइल

इंटरनेटवर कॅलिब्रेशन तपासायचे फोटो मिळतात, पण त्यातली फळं आणि चेहरे परदेशी. मी आपला एक फोटो तयार केलाय. त्यात मांजरा नदीची लाल रेती (आमच्या येसगी-सगरोळीकडची, बांधकामवाले नाव काढतात ती), एक वाटी हळद, कापसाचं बोंड, स्टीलचा तांब्या, ग्रे कार्ड आणि विंगमधल्या पाच मैत्रिणींचे हात, गव्हाळ ते गडद सावळे. या वस्तू खोलीत समोर ठेवता येतात, त्यामुळे स्क्रीन आणि खरी वस्तू शेजारी शेजारी बघता येते. रेती विटकरी न दिसता जांभळट दिसली तर निळा जास्त आहे. हळदीत हिरवट झाक आली तर हिरवा जास्त. तांब्यात रंगच दिसायला नको. आणि पाचही हात एकमेकींपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. ही सगळ्यात कडक परीक्षा आहे. तुम्हीही आपापल्या गावच्या वस्तूंची अशी फाइल करा.

जाता जाता दोन विनंत्या

पहिली आदरणीय प्राध्यापक मंडळींना. कलरीमीटर एका विद्यार्थ्याला परवडत नाही, पण एकच यंत्र अख्ख्या होस्टेलला पुरतं, कारण महिन्यातून एकदा तासभरच लागतं. लायब्ररीत पुस्तकासारखं नोंद करून मिळालं तर? आपल्या मॅगझिनच्या कव्हरचे रंग छापखान्यातून दरवर्षी वेगळेच होऊन येतात, निदान आपल्या बाजूची स्क्रीन तरी तपासलेली असेल. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना एक छान प्रॅक्टिकलही मिळेल.

दुसरी विनंती तुम्हा मित्र-मैत्रिणींना. आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत गावाकडच्या स्टुडिओत करिझ्मा अल्बम डिझाइन करून चार पैसे मिळवतात. पुढच्या वेळी कामाला बसाल तेव्हा आधी कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि ब्राइटनेस उतरवा. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. त्या अल्बममध्ये कोणाची तरी ताई असते.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन
मुलींचे वसतिगृह